चारशे बारा नंबरची ओळ

कुंदाताई मळीक यांना फोनवर नुसतं "येतो" म्हणून सुटका नसायची. आपण काय सांगितलं ते त्या शब्दाला शब्द लावून परत म्हणून दाखवत आणि मग विचारत, "अशेंच मरे?" म्हणजे असंच ना? आपण हो म्हटलं की पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज यायचा आणि शेवटी ठरलेले दोन शब्द यायचे, "ऐकलें. बरयलें." ऐकलं आणि लिहिलं. मगच फोन खाली. मी एकदा चेष्टेत म्हटलं होतं की पुढच्या आठवड्यात घरच्या झाडाचे मानकुराद आणतो. सोमवारी सकाळी दारात पाऊल ठेवतोय तोच त्यांनी टेबलावरून मान वर न करता विचारलं, "आंबे?" उलट मी रजेचं तोंडी बोलून ठेवलं आणि त्यांच्याकडे ते लिहिलेलं नसलं, की मी रजा मागितलीच नव्हती. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसे. "नोंद ना म्हणल्यार जालेंच ना," एवढं बोलून त्या कामाला लागत.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांचा नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही.

आम्ही दोघं डिचोलीत एका धर्मादाय संस्थेत कामाला होतो. संस्थेचे डिचोली आणि पेडणे तालुक्यांत मिळून सात दवाखाने. मी मुख्य कचेरीतलं औषधभांडार बघायचो आणि कुंदाताई संगणक विभाग बघायच्या. विभाग म्हणजे त्या, एक टेबल, दोन संगणक आणि एक जुनापुराणा प्रिंटर, जो एकेक ओळ कर्र कर्र करून छापायचा आणि ज्याचा कागद घडीघडीनं मागच्या खोक्यात पडत राहायचा. अंगानं किडकिडीत, केसांचा घट्ट अंबाडा, कानामागे पेन्सिल. पेन त्या वापरत नसत. पेनची शाई वाळते आणि ऐन वेळी दगा देते, पेन्सिल फक्त झिजते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मूळच्या मुळगावच्या. संगणकाचं रीतसर शिक्षण म्हणाल तर एक सहा महिन्यांचा वर्ग, बाकी सगळं खाणीच्या काट्यावर झालेलं. काटा म्हणजे ट्रक वजन करायचा वजनकाटा. खाणीवर भरलेला ट्रक काट्यावर वजन होऊन निघायचा आणि जेटीवर पुन्हा वजन व्हायचं. दोन्हीकडे चिठ्ठ्या. इथून सुटला आणि तिथे अजून लागला नाही, अशा ट्रकांची कुंदाताईंकडे वेगळी यादी असायची. त्या यादीला त्या "वाटेर" म्हणत, वाटेवर. संध्याकाळी पाळी संपली की बाकीचे कारकून डबे उचलून चालू लागत. कुंदाताई मात्र यादी रिकामी झाल्याशिवाय खुर्ची सोडत नसत.

एकदा यादीत एकच ट्रक उरला होता. सगळे म्हणाले, जेटीवरचा माणूस चिठ्ठी फाडायला विसरला असेल, उद्या बघू. कुंदाताईंनी काट्याची खोली बंद केली आणि जेटीच्या रस्त्यानं चालत निघाल्या. दोनेक किलोमीटरवर एका फणसाखाली तो ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर तापानं फणफणून आत आडवा पडलेला होता, बोलायचीही शुद्ध नव्हती. त्याला दवाखान्यात पोचवून त्या परत काट्यावर आल्या, यादीतल्या त्या नंबरापुढे "झाडाखाली" असं लिहिलं आणि मगच घरी गेल्या. तो ड्रायव्हर म्हणजे दोडामार्गकडचा भिवा. पुढे खाणी बंद पडल्या, काटा गंजला आणि कुंदाताई आमच्या संस्थेत आल्या. मागोमाग भिवाही आला. आमची औषधांची व्हॅन तो चालवायचा आणि कुंदाताईंचा शब्द त्याच्यासाठी देवळातल्या घंटेइतका पक्का होता.

आमच्याकडच्या सगळ्या औषधांत जपायची गोष्ट एकच, सापाच्या विषावरच्या कुप्या. काजूचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात माणसं दिवसभर पाचोळ्यात हात घालतात, आणि फुरसं पाचोळ्याच्याच रंगाचं असतं. एका माणसाला पहिल्याच झटक्याला दहा-दहा कुप्या लागतात. सात दवाखान्यांना पुरतील एवढ्या त्या कधीच नसायच्या. त्यामुळे ह्या फ्रिजमधून त्या फ्रिजमध्ये अशी सारखी हलवाहलव चाले. कुठल्या गावात ह्या घडीला किती आहेत, हे बरोबर माहीत असणं म्हणजे आमचं निम्मं काम. ते माहीत नसलं की माणूस चुकीच्या गावाला नेला जातो.

त्यासाठी संस्थेनं पणजीहून एक इंजिनियर बोलावून सातही दवाखान्यांत संगणक बसवून घेतले. प्रत्येक ठिकाणची नोंद तिथल्या संगणकात आणि सगळे एकमेकांशी जोडलेले. पोरगा हुशार होता, गोड बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना गोळा करून दाखवलं: डिचोलीतून दहा कुप्या पेडण्याला दिल्या की इकडे दहा कमी, तिकडे दहा जास्त. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंदाताईंनी मागून विचारलं, "आनी मदींच लायन गेल्यार?"

"तसं क्वचितच होतं, मॅडम," तो म्हणाला.

आमच्याकडे लाईन क्वचित जाते असं म्हणणारा माणूस पणजीचाच असणार. कुंदाताई उठल्या, त्याला पुन्हा दहा कुप्या पाठवायला सांगितलं आणि त्यानं बटण दाबल्या दाबल्या भिंतीतली वायर उपसून काढली. डिचोलीच्या पडद्यावर दहा कमी झाल्या होत्या. पेडण्याला फोन लावला तर तिथे काहीच आलेलं नव्हतं. दहा कुप्या माझ्या फ्रिजमध्ये जागच्या जागी होत्या आणि नोंदीत जगाच्या पाठीवर कुठेच नव्हत्या.

त्यानंतर दोन महिने ती दोघं शेजारी शेजारी बसून ती यंत्रणा नव्यानं उभी करत होती. त्यातलं मला जेवढं समजलं तेवढं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुप्या हलवायच्या तर डिचोलीचा संगणक आधी दोन्ही दवाखान्यांना विचारतो, तयार आहात का? ते आपापल्याकडे लिहून ठेवतात आणि मग "तयार" म्हणून कळवतात. एकदा तयार म्हटलं की त्या कुप्यांना हात लावायचा नाही, निर्णय येईपर्यंत थांबायचं. दोघांचं उत्तर आलं की डिचोली निर्णय लिहिते. ती एक ओळ लिहिली गेली की झालं, आणि लिहिली गेली नाही तर काहीच झालं नाही. मग तो निर्णय दोघांना कळवायचा आणि त्यांच्याकडून "मिळालं" असं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा कळवत राहायचं. दोन्ही उत्तरं आली की ती ओळ यादीतून खोडायची. प्रत्येक हलवाहलवीला एक नंबर. तोच निरोप दोनदा पोचला तर नंबर बघून दुसऱ्यांदा ऐकला न ऐकल्यासारखं करायचं.

इंजिनियरला हे पुस्तकातून माहीत होतं म्हणे, वेळ वाचावा म्हणून त्यानं गाळलं होतं. कुंदाताईंना ते काट्यावरून माहीत होतं. त्यांनी भर घातली ती एवढीच की निर्णयाची प्रत्येक ओळ त्या कर्र कर्र प्रिंटरवर कागदावरही उमटली पाहिजे. संगणक बंद पडला तर? "पयलीं बरय, मागीर कर," हे त्यांचं वाक्य ह्या काळात आमच्या कचेरीत इतकं घुमलं की चहावाला सुद्धा आधी लिहून मग चहा ओतायला लागला.

दवाखान्यांतल्या सिस्टर लोकांना सगळं पटलं, एक थांबणं सोडून. कुप्या आपल्याच फ्रिजमध्ये, डोळ्यांसमोर, आणि हात लावायचा नाही म्हणजे काय? कुंदाताईंनी त्यांना विचारलं, देवळात कौल लावल्यावर पाकळी पडायच्या आधी कोणी उठून जातं का? पाकळी उजवी पडेल की डावी, हे आपलं आपण ठरवतो का? तेवढ्यावर सगळ्या कामाला लागल्या. आमच्याकडे कौलाच्या पुढे बोलायची कोणाची टाप नाही.

घरीही त्यांचं हेच. मुळगावच्या घराच्या फाटकावर त्या पोयांसाठी, म्हणजे कोंड्याच्या पावांसाठी, कापडी पिशवी अडकवत. पाव घालणारे पोदेर दोघे भाऊ, कधी एक सायकलवरून भोंपू वाजवत यायचा तर कधी दुसरा. एके दिवशी दोघेही आले आणि दोघांनीही पिशवी भरली. एकट्या बाईच्या घरी आठ पोया. दुसऱ्या दिवसापासून पिशवीला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा. पोया टाकणाऱ्यानं चिमटा काढून फाटकाच्या सळीला लावायचा, चिमटा सळीला दिसला तर पुढे जायचं. हे सुरळीत चाललं. एकदा सकाळी चिमटा सळीला होता आणि पिशवी रिकामी. शेजारीण म्हणाली, पोदेराला हाक मारा, पुढच्या वळणावरच असेल. कुंदाताईंनी चिमट्याकडे बघितलं, मग रस्त्यात रवंथ करत उभ्या असलेल्या गाईकडे बघितलं आणि आत जाऊन फोव, म्हणजे पोहे, खाल्ले. पोदेरानं आपलं काम केल्याची नोंद होती. गाईची नोंद ठेवायची सोय नव्हती.

माणसांची गंमत अशी की चांगुलपणानंही घोळ होतात. आमच्याकडे निघालेल्या माणसाला पोचलेला धरण्याची रीत आहे. पाहुणा फोन करून "निघालो" म्हणाला की इकडे त्याचं पान वाढून होतं. पार्सेच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं एकदा तेच केलं. भिवानं इकडून निघताना फोन केला, "कुपी घेवन निघालंय," आणि तिनं लगेच "मिळालं"वर बोट ठेवलं. बिचारा एवढ्या लांबून येतोय, त्याला नोंदीसाठी ताटकळत कशाला ठेवा, एवढाच विचार. त्या दिवशी वाटेत काल्याची मिरवणूक होती. व्हॅन दुपारभर उन्हात अडकली, पेटीतला बर्फ वितळला आणि कुप्या फुकट गेल्या. नोंदीप्रमाणे मात्र त्या पार्सेच्या फ्रिजमध्ये थंडगार बसल्या होत्या.

मी असतो तर तिला फोनवर चार शब्द सुनावले असते. कुंदाताई पार्सेला गेल्या, तिच्या हातचा चहा घेतला, परसातला नारळ घेतला आणि परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक आकडा चिकटवलेला असे. "मिळालं" म्हणायचं तर तो आकडा टाकावा लागे आणि पेटी उघडल्याशिवाय तो कोणाला दिसत नसे. सिस्टरला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

आता चारशे बारा नंबर.

काजूचे दिवस, सकाळी अकराचा सुमार. पार्सेनं दहा कुप्या मागितल्या होत्या, त्यांच्याकडच्या संपल्या होत्या. लाटंबार्सेच्या दवाखान्यात दहा होत्या आणि त्या आठवड्यात तिकडे शांत होतं. डिचोलीनं दोघांना विचारलं, दोघांनी तयार म्हणून कळवलं. लाटंबार्सेत सिस्टर सुनंदानं कुप्या पेटीत भरून वर "पार्से" अशी चिठ्ठी लावली. तेवढ्यात कुठेतरी रस्ता खणणाऱ्या यंत्रानं केबल तोडली आणि लाटंबार्सेची लाईन गेली. पार्सेची तर सकाळपासूनच येत-जात होती.

पंधरा-वीस मिनिटांनी कुंदाताईंचा मोबाईल वाजला. सुनंदा होती. दवाखान्यामागच्या दगडी गडग्यावर चढलं की तिला रेंज मिळायची, तिथून ओरडत होती. माझ्यापर्यंत ऐकू येत होतं.

"ताई, एका बायलेक फुरसा चावला! उजवो हात कोपरापर्यंत सुजलो. दहा कुपी हयसरच आसत, पण स्क्रीनवर 'निर्णयाची वाट पाहा' म्हणता. काय करू?"

सुनंदा सावंतवाडीकडची, धीट मुलगी. तिनं न विचारता पेटी फोडली असती तर मी तिच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण कुंदाताईंनीच तिला शिकवलं होतं आणि ती शिकलेली होती.

"दे म्हणून सांगा तिला!" मी म्हटलं.

"मातशें रांव," जरा थांब, कुंदाताई म्हणाल्या. मला की सुनंदाला, कळलं नाही. त्या उठून प्रिंटरपाशी गेल्या. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला ह्या बाईचा संताप आला. तिकडे एक माणूस मरायला टेकलंय आणि ही कागद वाचतेय. मी ते बोललोही, आणि जसं बोलू नये तसं बोललो.

कागदावर चारशे बाराची ओळ होती. निर्णय लिहिला गेला होता: दहा कुप्या पार्सेला दिल्या. म्हणजे त्या आता लाटंबार्सेच्या नव्हत्याच. ओळीपुढे पार्सेकडून "मिळालं" आलेलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या फोनवरून पार्सेला लावून बघितलं, लागला नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात बोलल्या. पार्सेला निरोप गेलाच नसेल, किंवा गेला असेल आणि त्यांचं उत्तर वाटेत हरवलं असेल. इथून दोन्ही सारखंच दिसतं. गेला असेल, तर ह्या दहा कुप्यांच्या भरवशावर तिथल्या डॉक्टरनं कोणाला तरी ठेवून घेतलं असेल.

मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्या ओळीच्या बाजूला लिहिलं: "कुप्या लाटंबार्सेतच वापरल्या. सांगणारी, कुंदा मळीक." वेळ घातली. आणि फोन तोंडाशी धरला.

"सुनंदा, दी तिका. सगळ्यो दी."

सुनंदानं वाक्य परत म्हणून दाखवलं. "ऐकलें," कुंदाताई म्हणाल्या. सगळं मिळून दीड मिनिट गेलं असेल. ते दीड मिनिट मी अजून विसरलेलो नाही.

मी खुर्चीत बसलो. त्या बसल्या नाहीत. माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, तुझ्या फ्रिजातल्या राखीव दहा काढ. व्हॅनमध्ये भिवा, त्या आणि मांडीवर पेटी घेऊन मी, असे आम्ही पार्सेला निघालो. तासाभराचा रस्ता. निरोप जात नव्हता म्हणून त्या स्वतः निघाल्या होत्या. वाटेत कोलवाळच्या पुलावर भिवाला तेवढं म्हणाल्या, बेगीन, लवकर.

पार्सेत दवाखान्याच्या पायरीवर सिस्टर शेंगा सोलत बसली होती. आत एकही पेशंट नव्हता. निरोप पोचला नव्हता. "कुप्या द्यायचं ठरलं होय, ताई?" तिनं विचारलं.

कुंदाताईंनी तिच्याकडून पेटी उघडून घेतली, आकडा वाचून घेतला, सही घेतली आणि बाकावर बसून चहा मागितला. परतताना मी कुरकुरलो, एवढं जिवाचं रान केलं आणि तिथे कोणी नव्हतंच. त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आतां तुका खबर आसा, म्हणून तूं अशें म्हणटा."

लाईन दुसऱ्या दिवशी आली. लाटंबार्सेनं चारशे बाराचा निर्णय ऐकला, मग उलट फिरवल्याची चारशे तेरा नंबरची नोंद झाली, सगळ्यांची "मिळालं" आली आणि संगणकानं दोन्ही ओळी खोडल्या. संस्थेच्या चिटणीसांना कागदावरचं पेन्सिलीचं लिखाण खुपलं. झालेला निर्णय कोणीतरी हातानं फिरवला हे तपासणीत बरं दिसत नाही, ते तेवढं पुसून टाका, असं त्यांनी सुचवलं. "दिसपाक बरयलें ना," कुंदाताई म्हणाल्या, दिसायला लिहिलेलं नाही. चिटणीस पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

पण कुंदाताईंच्या लेखी चारशे बारा संपला नव्हता. त्या बाईचं नाव पार्वती, काजू वेचायला सिंधुदुर्गातून आलेली मजूर. सुनंदानं इंजेक्शन देऊन तिला गाडीनं मोठ्या इस्पितळात धाडलं, तिथून काही दिवसांनी नातेवाईक तिला घेऊन गेले, एवढंच कळलं. पुढे काही नाही. कुंदाताईंनी प्रिंटरचा तेवढा कागद फाडून वेगळा ठेवला आणि ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं: "बाई?"

इंजिनियर एकदा आला तेव्हा हे बघून म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये ही बंद आहे."

"सिस्टिमीन कुप्यांचें विचारलां," त्या म्हणाल्या.

दर काजूच्या हंगामात त्या भिवाला विचारत. भिवा मजुरांच्या मुकादमांना विचारी, मुकादम एकमेकांना विचारत, आणि कोणाला काही माहीत नसे. पार्वती नावाच्या बायका त्या मुलखात गावोगावी आहेत. निवृत्तीच्या दिवशी कुंदाताईंनी मला किल्ल्या दिल्या आणि वाटेवरची यादी दाखवली. ती रिकामी होती. हार घालून घ्यायला त्या तयार नव्हत्या, पण नारळ घेतला. चारशे बाराचा कागद पर्समध्ये घालून घरी नेला. तो संस्थेचा नव्हे, माझा, म्हणाल्या.

दोन वर्षांनी एका सकाळी भिवा भांडाराच्या खिडकीशी आला. "ती बाय जिती आसा," म्हणाला. "तिलारीकडे. माझ्या मेव्हण्यान बघल्यान. कुंदाताईक सांगूक होया." मी स्कूटर काढली आणि तडक मुळगाव गाठलं. चांगली बातमी सांगायला जाताना माणूस जरा तोऱ्यातच असतो. कुंदाताई ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आजारानं फारच वाळल्या होत्या, अंबाडा सैल झाला होता, पण पेन्सिल जागेवर होती. मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुवें पळयली?"

मी थांबलो. हो म्हणायला काय लागत होतं? बातमी खरी होती, भिवा खोटं बोलणारा नव्हता, आणि समोर बसलेल्या बाईकडे फार दिवस उरले नाहीत हे मला दिसत होतं. तोंडात शब्द आलाही होता.

"ना," मी म्हटलं. "भिवाच्या मेव्हण्यानं बघितली."

"मागीर रांव," त्या म्हणाल्या, आणि मला पोयेबरोबर चहा दिला.

पुढच्या रविवारी मी आणि भिवा तिलारीकडे गेलो. दोन ठिकाणी चुकून तिसऱ्या वाडीत घर सापडलं. पार्वती अंगणात कुळीथ पाखडत होती. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडात पान. मी कोण, कुठून आलो, हे सांगेपर्यंत तिला काही उमगेना. मग तिनं उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वर कातडं काळं पडून आक्रसलं होतं, करंगळी मिटत नव्हती.

"माका कायच आठवणा नाय," ती म्हणाली. "हात सुजललो आणि एक पोरगी माज्यावर वराडी होती, तेवढाच आठावता. तिका सांगा, मी बरी आसंय."

मी तिचा हात हातात घेऊन बघितला. उगाच. कुंदाताई काय काय विचारतील याची खात्री नव्हती.

परतताना भिवाला त्याच्या घरी सोडलं आणि मी परस्पर मुळगावला गेलो. दिवस कलला होता. कुंदाताई त्याच खुर्चीत होत्या.

"पळयली?"

"पळयली."

"खंयचो हात?"

"उजवो. करंगळी मिटत नाही. बाकी ठीक. कुळीथ पाखडत होती. सांगा म्हणाली, बरी आहे."

त्यांनी ते सगळं परत म्हणून दाखवलं, करंगळीसकट. आतून कागद आणायला मला सांगितलं. देव्हाऱ्याच्या फळीवर घडी करून ठेवलेला होता, अक्षरं फिकी झाली होती. त्यांनी "बाई?" या शब्दापुढे तारीख आणि वेळ लिहिली, खाली माझी सही घेतली आणि मग चारशे बाराच्या ओळीवरून एक रेघ मारली. रेघ सरळ आली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होतो.

मी निघालो तेव्हा त्या धरत धरत फाटकापर्यंत आल्या. उद्याच्या पोयांची पिशवी अडकवायची होती. स्कूटरच्या आरशात दिसल्या तेव्हा लाल चिमटा पिशवीला लावत होत्या, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. वळणावर आरसा रिकामा झाला.

घरी येऊन मी चप्पल काढायच्या आधी फोन लावला. "कुंदाताई, पोचलो."

"घरा पोचलों म्हणटा," त्या म्हणाल्या. "अशेंच मरे?"

"होय."

पेन्सिलीचा आवाज आला. "ऐकलें," त्या म्हणाल्या. "बरयलें."